काळ्या मातीखालचं पाणी

२१ जानेवारी

आणि वर पप्पा म्हणतात, तुला तिथं जा म्हणून कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण सोनईत थांब, असं तरी कुणी सांगितलं? मिशनच्या शाळेत शिपाई म्हणून चिकटवलं, तीन महिन्यांत घंटा वाजवून वाजवून माझंच डोकं घणघणायला लागलं. सोडलं. साखर कारखान्यावर लागलो, सोडलं. टेम्पोवर क्लीनर झालो, तेही सोडलं. "जोएल, तुझं बूड एका जागी ठरत न्हाई." हे वाक्य मला आता शास्त्रपाठासारखं तोंडपाठ आहे, फक्त अध्याय आणि ओवी सांगायची राहिली.

फोनवर भांडण पुरं होत नाही. माझी पाळी आली की रेंज जाते. म्हणून ही वही. म्हणजे रिगचं रजिस्टर. पुढून गहिनीभाऊ किती फूट झाले ते लिहितो, मागून मी पप्पांना उत्तर लिहितो. गहिनीनाथ पाथर्डीचा, रिगचा ऑपरेटर. मी त्याचा हेल्पर. नगर जिल्ह्यात तीन वर्षं त्याच्याबरोबर बोअर पाडले आणि आता इथं राजस्थानात, सांभरच्या मिठाच्या तळ्यावर.

पप्पांनी विचारलं, मुळा धरणाएवढं आहे का? मी म्हणलं, मुळा धरण यात अंघोळीला उतरेल. पण पाणी कुठाय? नजर जाईल तिथपर्यंत पांढरं. डोळे उघडे ठेवले तर झोंबतात, मिटले तरी पांढरंच दिसतं.

काम असं. कोरड्या काठावर भोक पाडायचं, खारं पाणी लागलं की मोटर सोडायची, ते पाणी वाफ्यात साठवायचं, बाकीचं ऊन करतं. पूर्वी तळ्यातलंच पाणी पुरायचं म्हणे. आता नद्यांचं पाणी वरच अडतं, तळं भरत नाही, म्हणून जमिनीच्या पोटातून ओढायचं. हे कायद्यात बसत नाही. तपासणीची गाडी येतेय असा फोन आला की आम्ही रिगवर ताडपत्री टाकतो आणि चहा पीत बसतो. सेठनं, म्हणजे वाफ्यांच्या मालकानं, पहिल्या दिवशीच बजावलं, "साठ फूट. उसके नीचे नहीं." साठ फूट म्हणजे तीन रॉड. आपल्याकडं साठ फुटांत बोअरवाल्याचा चहासुद्धा संपत नाही.

२५ जानेवारी

पाण्याचं कसं करतोस, आईनं विचारलं. तिला तेवढंच सुचतं, आणि बरोबर सुचतं.

तंबूपासून तीनशे पावलांवर उंचवट्यावर एक वस्ती आहे. तेवीस घरं, एक विहीर. पाणी गोडं. एवढ्या मिठाच्या काठाला गोडं पाणी कसं, देव जाणे. अर्धी वस्ती जयपूरला कामाला गेली. उरलेली विहिरीच्या जिवावर उरली, असं तीच माणसं सांगतात. आसपास दुसरं पिण्याचं पाणी चार कोसांवर.

केसरबाई आम्हाला रोज दोन घागरी भरू देते. विधवा आहे, आईच्या वयाची. पंचेचाळीस शेळ्या आणि म्हातारे सासरे, एवढा तिचा संसार. पहिल्या दिवशी नाव विचारलं. मी म्हणलं, जोएल.

"गोयल? बनिये का बेटा और ये काम?"

तेव्हापासून मी गोयल सेठ. "गोयल सेठ, घड़ा खुद उठाओगे कि मुनीम को भेजोगे?" सगळ्या बाया पदरात हसतात. गहिनीभाऊ तर जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. घरातून निघाल्यापासून इतक्या आपुलकीनं कुणी टोमणा मारला नव्हता.

२ फेब्रुवारी

आज काम बंद. गाडी येणार होती, आली नाही, पण सेठ घाबरला. दिवसभर केसरबाईच्या सासऱ्यांपाशी बसलो. सगळे त्यांना बासा म्हणतात. ऐंशीच्या पुढचे. जन्म मिठात गेला. पायाची कातडी आपल्याकडं उन्हाळ्यात तळं आटल्यावर दिसते तशी, तडे तडे.

म्हणाले, आधी इथं जंगल होतं. देवी प्रसन्न झाली आणि तिनं सगळ्या रानाची चांदी केली. लोक घाबरले. म्हणाले, आई, ही चांदी परत घे, हिच्यापायी आम्ही एकमेकांचे गळे कापू. मग देवीनं चांदीचं मीठ केलं.

मी म्हणलं, "बासा, लोक येडे होते का? चांदी परत देतं का कुणी?"

ते म्हणाले, येडे नव्हते, घाबरट होते. घाबरट माणसाचं गाव टिकतं.

मग तळं दोन राजांचं झालं, एक जयपूरचा, एक जोधपूरचा. आपल्याकडं दोन भावांत एक विहीर असते, पाळी याची, पाळी त्याची, तसंच. मग इंग्रज आला आणि दोघांकडून भाड्यानं घेऊन बसला. त्यानं मधे दगडी बांध घातला, मिठाची छोटी रेल्वे आणली. बासा त्या रेल्वेवर होते. जायकवाडीच्या पाण्याला ते लांब पायांचे गुलाबी पक्षी येतात ना, ते इथं हजारांनी यायचे. काही वर्षांमागं एका हिवाळ्यात इतके पक्षी मेले की माणसं पाट्या भरभरून पुरत होती. बासा हे सांगताना हाताची पाटी करून दाखवत होते, आणि ती पाटी बराच वेळ खाली ठेवली नाही.

गोड्या विहिरीचं विचारलं. म्हणाले, वर खारं, खाली गोडं, आणि मधे देवीनं काळ्या मातीची गोधडी घातलीय. आमचा माणूस मिठाच्या खारीत खणताना फावड्याला काळी माती लागली की फावडं बाजूला ठेवतो. बापजाद्यांपासून. गोधडी फाडायची नाही.

म्हाताऱ्या माणसांकडं गोष्टी असतात. वेळ बरा गेला.

११ फेब्रुवारी, रविवार

आज लीव्हर माझ्या हातात!

गहिनीभाऊला ताप. तंबूतनंच म्हणाला, "जोएल, आज तू धर. तीन रॉड, आन बंद. शानपना करू नको."

तीन रॉड गेले. पाणी लागलं, पण करंगळीएवढं. मोटर टिकणार नाही. आता थांबायचं? तीन वर्षांत त्यानंच मला शिकवलंय, पहिल्या पाण्याला भुलायचं नाही. पहिलं पाणी फसवं. नगरकडं ज्यानं पहिल्या ओलीला बोअर थांबवला तो उन्हाळ्यात पस्तावला, आणि ज्यानं खालचा काळा दगड फोडायची छाती केली त्याच्या दारात पाण्याचा फवारा उडाला. हे काय आता पाटीवर लिहून पाहिजे?

चौथा रॉड लावला. सत्तरच्या पुढं माती बदलली. काळी, मेणासारखी चिकट. रॉडच्या टोकाचं बिट गच्च झालं. बारा-तेरा फूट नुसती तीच, पाचवा रॉड जोडावा लागला. मी पाणी मारलं, वर-खाली केलं, दात-ओठ खाऊन दाबलं. मग एकदम असं मोकळं झालं, जसं कुणी आतून दार उघडलं. रेती. आणि पाणी. दोन पुरुष वर उडालं.

आपल्याकडं ओरडतात तसा मी ओरडलो. टोपी फेकली. ओंजळ तोंडाला लावली, खारट होतं, पण वरच्यासारखं जीभ जाळणारं नाही. पप्पांना फोन केला. म्हणलं, आज लीव्हर मी धरला. ते म्हणाले, "बोटं सांभाळ." एवढंच. शाबास म्हणायला काय पैसे पडतात?

१२ फेब्रुवारी

सेठ आला. त्याच्याकडं काचेची एक नळी असते. खाऱ्या पाण्यात ती उभी तरंगते, जितकं मीठ जास्त तितकी वर. गोड्यात बुडते. माझ्या पाण्यात बुडाली.

"मैंने नमक मांगा था, तू शरबत निकाल लाया!"

आईबापावरून काय काय बोलला ते लिहीत नाही. रिग चाळीस पावलं सरकवायला सांगितली. मी म्हणलं, भोकात पाईप घालून बुजवू का? म्हणाला, पाईप काय तुझा बाप देणार? आहे तसं सोड.

मी त्यावर सपाट दगड ठेवला, काटे ठेवले. आपल्याकडं उघड्या बोअरमध्ये लेकरं पडतात. काम चोख केलं. दगड ठेवायच्या आधी कान लावून ऐकलं. आत वरून खाली पाणी गळत होतं, गुळूगुळू. ऐकून बरं वाटलं. आपल्याकडच्या वाया गेलेल्या बोअरमधून नुसता वारा येतो.

१८ फेब्रुवारी

चहा नासला. दूध फाटून वर चोथा आला. गहिनीभाऊ केसरबाईला जाऊन भांडला, बासी दूध देती म्हणून. ती म्हणाली, आत्ता धार काढलीय, शेळीच्या गळ्याची शपथ. गहिनीभाऊ म्हणाला, शेळी काय कोर्टात येनार हाय का साक्षीला? परत ताजं दूध आणलं. परत नासलं.

काळा चहा प्यायलो. तोही बेचव.

२२ फेब्रुवारी

शेळ्या पाण्याला तोंड लावत नाहीत. हुंगतात आणि मान फिरवतात. वस्तीत म्हणतात, विहिरीत काहीतरी मेलं असणार. आज सगळ्यांनी मिळून विहीर उपसली. मीही उतरलो, दोरीला धरून, पार तळापर्यंत. गाळ काढला. मेलेलं काही मिळालं नाही. बायांनी वरून गूळ टाकला, म्हणाल्या, गोयल सेठचं तोंड गोड करा. मीही खाली उभा राहून गाणं म्हणलं, आपलं नाताळचं, दुसरं येत नव्हतं.

नवं पाणी झिरपायला लागलं. बासांनी त्यातलं पहिलं तोंडात घेतलं आणि गिळलं नाही. तोंडात धरून बसले. मला हसू आलं, वाटलं म्हातारा विसरला गिळायचं.

२६ फेब्रुवारी

कसं लिहू.

डाळ दोन तास शिजत नव्हती. सेठनं तंबूत ठेवलेली काचेची नळी मी धुवायला घेतली, तंबूतल्या घागरीचं पाणी पातेल्यात ओतलं आणि नळी त्यात सोडली. महिन्याभरापूर्वी याच पाण्यात ती दगडासारखी बुडायची.

उभी राहिली.

मी परत सोडली. परत उभी राहिली. थोडीशी, दोन बोटं, पण उभी.

मग मला तो गुळूगुळू आवाज आठवला. वरून खाली.

२७ फेब्रुवारी

गहिनीभाऊला सांगितलं. त्यानं आधी विचारलं, "किती रॉड?" मी म्हणलं, पाच. त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मारलं असतं तर चाललं असतं.

"तीन सांगितले हुते ना रं तुला?"

"तूच म्हणायचा, पहिल्या पाण्याला भुलायचं न्हाई."

"ते आपल्याकडं, येड्या. आपल्याकडं पान्यासाठी लोक रडत्यात. हितं मिठासाठी खनत्यात."

सेठकडं गेलो. दोन दिवस रिग द्या, सिमेंट द्या, भोक तळापासून बंद करतो. सेठ हिशोबाच्या वहीवरून मान वर न करता म्हणाला, कुठलं भोक? माझ्या जमिनीत भोकच नाही. तुला दिसतं का? चल, जाऊन साहेबांना दाखवू, रजिस्टरवर सही कुणाची आहे तेही बघू. त्या दिवसाच्या पानावर सही माझी आहे. मीच हौसेनं केली होती, ऑपरेटर म्हणून.

१ मार्च

सकाळपासून आम्ही दोघांनी हातानं भोक बुजवलं. काळ्या मातीचे गोळे केले, लाडवाएवढे, आणि एकेक सोडले. गहिनीभाऊ शिव्या देत होता आणि गोळे वळत होता. त्याचा ताप पुरता गेला नाही अजून. दुपारी वस्तीतली पोरं बघायला आली. विचारलं, काय करताय? मी म्हणलं, खेळतोय.

दिवस मावळायच्या आत भोक तोंडापर्यंत भरलं. वर उभं राहून मी उड्या मारल्या. खचलं नाही. प्रार्थना केली. येताना शपथ घेतली की हे जमलं तर घरी जाईन, परत शाळेची घंटा वाजवीन, जन्मभर वाजवीन.

७ मार्च

नळी आज पाच बोटं वर.

गहिनीभाऊ म्हणाला, "आपन दार लावलं रं. पन घुसायचं ते आधीच आत घुसलंय. आता मीठ काय हात धरून भाईर काढनार का?"

मी विचारलं, किती दिवसांत निघेल?

"दिवस? तुझी नातवंडं इचारतील."

९ मार्च

सांगितलं.

न सांगता राहवलं असतं तर राहिलो असतो, खोटं कशाला लिहू. पण केसरबाई सकाळी चार कोसांवरून डोक्यावर हंडा घेऊन आली आणि त्यातला एक तांब्या आमच्या तंबूत ठेवला. न मागता. म्हणाली, तुम्ही तर परके, तुम्हाला कोण देणार.

तिच्यासमोर आणि बासांसमोर सगळं सांगितलं. माझं हिंदी तुटकं. हातवारे करून सांगितलं, काळी माती, भोक, पाणी असं खाली. बासांनी एकच विचारलं, काळी माती लागली तेव्हा तुला कळलं नाही?

मी म्हणलं, कळलं. आमच्याकडं त्याच्याखाली पाणी असतं. मला आनंद झाला.

बासांनी हातातली काठी जमिनीवर आडवी ठेवली, शेजारी, आखल्यासारखी सरळ.

केसरबाई म्हणाली, "तू तो नौकर है. छेद तो सेठ का है." मी म्हणलं, नाही बाई, लीव्हर माझ्या हातात होता. ती तांब्या उचलून आत गेली. जाताना म्हणाली, "रहने दे, जोएल."

जोएल म्हणाली. एकदम बरोबर. म्हणजे पहिल्यापासून तिला येत होतं.

१५ मार्च

नऊ घरांना कुलूप. केसरबाईनं चाळीस शेळ्या विकल्या, टेम्पोत भरताना त्या ओरडत नव्हत्या, याचं मला नवल वाटलं. तहानलेलं जनावर ओरडत नाही, असं गहिनीभाऊ म्हणाला. बासा हलायला तयार नाहीत, म्हणून ती हलत नाही. टँकरवाला यायला तयार आहे, पण एक हजार, रोख आणि आधी. चौदा घरांत मिळून महिन्याला दोन टँकर जमतात. चौदा घरांना एक टँकर दोन दिवस पुरतो, तेही अंघोळ न करता.

मी वस्तीकडं जात नाही. लांबून मोजतो, किती चुली पेटल्या.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

आम्ही आता तळ्याच्या दुसऱ्या अंगाला आहोत. गहिनीभाऊ परवा गावी गेला, परत येणार नाही म्हणाला. मला म्हणाला, "चल माझ्याबरं. पाथर्डीत नवरदेवासारखा नाचणाऱ्या घोड्यावर बसवतो तुला, पर चल." मी नाही गेलो. सेठनं बोलावून सांगितलं, आता लीव्हर तुझ्याकडं. पगार वाढवला. म्हणाला, "तू गहराई समझ गया है." कुठपर्यंत खारं आणि कुठून गोडं, हे आता या काठावर माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. ती विहीर मारून मी शिकलो, आणि ती शिकवणी तो विकत घेतोय.

नाही म्हणून यायचं ठरवलं होतं. मग डोक्यात गणित केलं. घरी गेलो तर घंटेचा पगार किती, आणि त्यातून टँकर किती. शून्य. इथं राहिलो तर महिन्याला नऊ. म्हणजे त्या वस्तीत पाणी जावं म्हणून मला या वस्तीशेजारी भोकं पाडायची. मी साठला थांबतो. दोन रॉड झाले की बिटावर आलेली माती बोटांवर घेऊन बघतो, काळी दिसली की बंद. पण साठावरचंही पाणी कुणाच्या तरी खालूनच येत असेल. आता मला कुठलंच पाणी कुणाचं नाही असं वाटत नाही.

इथंही एक वस्ती आहे, एक विहीर आहे. पाणी आणायला मी नव्या हेल्परला पाठवतो. त्यांची नावं मला कळायला नकोत.

आज पप्पांचा फोन आला. चर्चमधून बाहेर पडल्या पडल्या केला असणार, मागं माणसांचा आवाज होता. कुणाला तरी सांगत होते, पोरगं ऑपरेटर झालं. मग मला म्हणाले, "टिकलास बाबा एका जागी. मला वाटलं न्हवतं." मी म्हणलं, हो. ते शब्द ऐकायला मी जन्म घालवला असता, आणि ते आले तेव्हा मला फोन खाली ठेवायची घाई झाली. रेंज फुल होती.

आईला सांगितलं, पगार अजून झाला नाही.

केसरबाईच्या भाच्याच्या नंबरवर टाकतोय. नाव विचारलं तर सांगू नको म्हणलंय. रुपये नऊ हजार.